कूस बदलणारे हात

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर व्हायला फार दिवस लागत नाहीत. माकडहाड, खुबा, टाचा, डोक्याची मागची बाजू, जिथे जिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं तिथे अंगाचा भार पडून रक्त पोचत नाही. आधी लाली दिसते, मग साल निघते, मग जखम आत आत जाते आणि एकदा ती हाडापर्यंत गेली की भरून यायला महिने लागतात. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थिनीला अगदी सुरुवातीलाच शिकवतात, की दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, ओली चादर तशीच ठेवायची नाही आणि चादरीला सुरकुतीही राहू द्यायची नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हे काम एका पेशंटसाठी ४१ वर्षांहून अधिक काळ केलं. ती पेशंट त्यांच्यातलीच एक होती. अरुणा शानबाग ही कर्नाटकातल्या हळदीपूरहून आलेली मुलगी केईएममध्ये नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या तळघरात तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर पाशवी हल्ला केला. मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि पंचविशीतली अरुणा कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं तिचा मृत्यू झाला. मधली सगळी वर्षं ती वॉर्ड क्रमांक ४ जवळच्या एका छोट्या खोलीत होती. तिचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा रुग्णालयाच्या वतीनं सांगण्यात आलं, की इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर झालेला नाही.

या एका वाक्याचा हिशेब मांडून पाहावा. दर दोन तासांनी एकदा म्हटलं तर दिवसाला १२ वेळा. वर्षाला ४,३८०. साडेएकेचाळीस वर्षांत सुमारे १ लाख ८० हजार वेळा. नियम पाळायचा तर इतक्यांदा कुणीतरी त्या खोलीत जायला हवं, त्या आखडलेल्या देहाखाली हात घालायला हवा, त्याला दुसऱ्या कुशीवर वळवायला हवं. पेशंट बरी होणार नव्हती. ती कधी नाव घेऊन आभार मानणार नव्हती. रात्रपाळीला पहाटे चार वाजता कूस बदलली की नाही, हे पाहायला बहुतेक वेळा कुणी नसतं. तरीही ते काम होत राहिलं.

कशाच्या बळावर होत राहिलं, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एक खोली, अनेक देव

४१ वर्षं म्हणजे परिचारिकांच्या दीड-दोन पिढ्या. अरुणाबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झालेला नव्हता, अशा मुली शिकून आल्या आणि त्यांनी तिला हातानं भरवलं. मुंबईच्या कुठल्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात शिफ्ट बदलताना पाहिलं तर कोकणातल्या, घाटावरच्या, विदर्भातल्या, केरळच्या मुली एकत्र दिसतात. कुणी गळ्यात क्रॉस घालते, कुणी गुरुवारचा उपास करते, कुणाच्या घरात बुद्धवंदना होते. देव मानत नाही असं सांगणारीही एखादी असते. पाठ कशी पुसायची याबद्दल मात्र त्यांच्यात मतभेद नसतो.

श्रद्धा आणि शुश्रूषा यांचं खरं नातं मला इथे दिसतं. परिचारिकेची श्रद्धा कुठली आहे, हे पेशंटच्या पाठीवरून ओळखता येऊ नये. पण तिच्याकडे कुठली तरी श्रद्धा आहे, हे त्याच पाठीवरून कळावं. समोरचा देह शुद्धीत असो वा नसो, पैसेवाल्याचा असो वा फुटपाथवरून आणलेला असो, तो जपण्याच्या लायकीचा आहे, या गोष्टीवर विश्वास ठेवल्याशिवाय पहाटे चारचं काम होत नाही. कुणी त्याला ईश्वराची सेवा म्हणेल, कुणी करुणा, कुणी माणुसकी. नाव प्रत्येकीनं आपल्यापुरतं ठेवावं.

अरुणाच्या बाबतीत ही श्रद्धा न्यायालयासमोर उभी राहिली. अरुणाची कहाणी पुस्तकातून जगासमोर आणणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी तिचं अन्न थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावं, अशी याचिका केली होती. त्यामागेही कळवळाच होता. इतकी वर्षं असं पडून राहणं हे जगणं आहे का, हा त्यांचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता. परिचारिकांनी मात्र ठाम विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठानं निकाल दिला. काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः वाट मोकळी झाली, पण अरुणाबाबतची मागणी फेटाळली गेली. तिची खरी जवळची माणसं म्हणजे तिला रोज सांभाळणारे केईएमचे कर्मचारी, असं न्यायालयानं मानलं. त्या दिवशी परिचारिकांनी पेढे वाटले, केक कापला आणि हा अरुणाचा पुनर्जन्म आहे असं म्हटलं.

रक्ताचं नातं नसताना, निव्वळ रोजच्या शुश्रूषेतून जवळिकीचा हक्क तयार होतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य करणं ही मोठी गोष्ट आहे. दोन्ही बाजूंची श्रद्धा प्रामाणिक होती आणि तरी ती एकमेकींच्या विरुद्ध उभी होती, हेही विसरू नये. श्रद्धा बळ देते, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत नाही.

शिवण्यापासून सुरुवात

आपल्याकडे परिचर्येचा इतिहास हा बऱ्याच अंशी शिवण्याचा इतिहास आहे. परक्या माणसाचं मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावायचा, तोही जात न विचारता, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिष्ठित घरांना मानवणारी नव्हती. जिथे घरच्याच बाळंतिणीला विटाळ म्हणून वेगळं बसवत, तिथे दवाखान्यातल्या परक्या बाळंतिणीला शिवायला लेक-सून कोण पाठवणार? त्यामुळे हे काम सुरुवातीला मुख्यतः मिशनच्या बायका, ख्रिस्ती झालेल्या मुली, विधवा आणि परित्यक्ता यांच्याकडे आलं. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभारलं. पुढे तिथून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका दूरदूर गेल्या. या रुग्णालयांत प्रार्थना हा दिनक्रमाचा भाग होता आणि धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता. हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की ज्या जखमांकडे पाहायलाही शेजारपाजार तयार नव्हता, त्या जखमा त्यांनी धुतल्या.

ही वाट फक्त मिशनचीच नव्हती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात रोग्यांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांची श्रद्धा सत्यशोधकांची होती. निर्मिक एक आहे आणि त्याची सगळी लेकरं सारखी, मधल्या दलालांची गरज नाही, असं मानणारी. त्या श्रद्धेला कर्मकांड नव्हतं. तिचा कस प्लेगच्या खाटेपाशी लागला.

पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन सुरू केलं. सेवासदनानं ससून रुग्णालयाच्या साहाय्यानं मुलींना आणि विधवांना नर्सिंगचं शिक्षण मिळवून दिलं. रमाबाई प्रार्थना समाजाच्या वातावरणात घडलेल्या, मनानं अतिशय भाविक. आपल्या भाविकपणाला त्यांनी घराबाहेर, थेट दवाखान्याच्या वॉर्डात नेलं. सोवळं मोडून रोग्याला हात लावणं हेच पुण्याचं काम आहे, हे तेव्हाच्या पुण्यात पटवून देणं सोपं नव्हतं.

वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेनं कुष्ठधाम सुरू केलं. कुष्ठरोगावर गुणकारी सल्फोन औषधं तेव्हा यायची होती. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि माणसाला माणसासारखं वागवणं एवढंच हातात होतं. थोड्याच वर्षांनी सेवाग्रामात कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले. गांधीजी त्यांच्या अंगाला स्वतः मालिश करत. आश्रमातल्या प्रार्थनेइतकंच ते काम नेमानं होई.

मिशनच्या सिस्टर, सत्यशोधक सावित्रीबाई, प्रार्थनासमाजी घरातल्या रमाबाई, सर्वोदयी दिवाण. यांचे देव वेगळे आणि काहींचे मार्ग तर एकमेकांच्या विरोधातले. पण प्रत्येकाच्या श्रद्धेनं एकच काम केलं. किळस, भीती आणि विटाळ यांच्या पलीकडे हात नेला.

नाइटिंगेलबाईंचा धडा

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिवशी, नर्सिंग कॉलेजांत दिवे लावून शपथ घेतात. मूळ शपथ १८९३ मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि तिच्यात देवाला साक्षी ठेवलेलं आहे. नाइटिंगेल स्वतः कमालीच्या धार्मिक होत्या. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवानं आपल्याला सेवेसाठी बोलावलं अशी नोंद त्यांनी करून ठेवली होती. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या हाकेला दिलं.

१८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीला ३८ स्त्रिया घेऊन गेल्या. त्यांत कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन पंथाच्या भगिनी होत्या आणि साध्या पगारी नर्सही होत्या. पंथापंथांतली धुसफूस तिथेही पोचली. कोण कुणाला आपल्या पंथात ओढतंय यावरून लंडनपर्यंत कागद गेले. नाइटिंगेल यांनी नियम घातला, की इथे आलेली बाई आधी नर्स आहे. सैनिकाच्या आत्म्याची चिंता करणाऱ्या बाईनं आधी त्याची चादर बदलावी, असाच त्यांचा एकूण रोख होता. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी नर्सिंगची शाळा काढली, तीही कुठल्याही पंथाच्या ताब्यात न देता.

स्वतः देवाची हाक ऐकलेल्या बाईनं शाळा मात्र पंथनिरपेक्ष काढली, यात मला विसंगती दिसत नाही. श्रद्धेची जागा त्यांना नेमकी कळली होती. ती काम करणाऱ्याच्या पाठीशी असावी. खाटेवरच्या माणसाच्या डोक्यावर तिचं ओझं असू नये.

उशीखालचा अंगारा

आपल्या रुग्णालयांत पेशंट एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचं दैवतही येतं. उशीखाली अंगाऱ्याची पुडी असते, दंडाला तावीज असतो, खाटेच्या कठड्याला गणपतीचा किंवा वेलंकणी मातेचा फोटो टेकवलेला असतो. ऑपरेशनला नेताना मंगळसूत्र काढायचं म्हटलं की बाईचा जीव वरखाली होतो. अनुभवी सिस्टर तिच्याशी वाद घालत बसत नाही. रक्त थांबवणाऱ्या कॉटरी यंत्राच्या विजेनं धातूपाशी भाजण्याचा धोका असतो हे ती सांगते, मंगळसूत्र नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात देते, आणि हातातला धागा काढायलाच हवा असेल तर तो कापण्याआधी विचारते. दोन मिनिटं जातात. पण ती बाई थिएटरमध्ये घाबरलेली जात नाही.

उपासाचं तसंच. मधुमेहाचा पेशंट चतुर्थीला किंवा रोजाला काही न खाता इन्सुलिन घेतो आणि साखर धोकादायक खाली जाते. चौविहार पाळणारे जैन आजोबा सूर्यास्तानंतर गोळीबरोबर घोटभर पाणीही घेत नाहीत. ‘असलं काही इथे चालणार नाही’ असं खडसावलं की पेशंट गुपचूप उपास करतो आणि खरं सांगत नाही. नीट विचारलं, तर डॉक्टरांशी बोलून औषधाची वेळ किंवा मात्रा बदलता येते. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांकडून वदवून घेता येतं. पेशंटची श्रद्धा माहीत असणं हा शुश्रूषेचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिताही रुग्णाच्या रूढी आणि श्रद्धा यांचा मान राखायला सांगते.

मान राखणं म्हणजे सगळ्यालाच मान डोलावणं नव्हे. प्रसूती वॉर्डात आजी बाळाला मध चाटवायला निघते, आईचा पहिला चीक पिळून टाकायला सांगते, नाळेवर काहीबाही लावू पाहते. तिथे सिस्टरनं ठाम उभं राहायलाच हवं. मधातून बाळाला जिवावरची विषबाधा होऊ शकते आणि चिकात बाळाचं पहिलं संरक्षण असतं. त्याच आजीला पाचवीची पूजा घरी गेल्यावर थाटात करा, असं हसून सांगता येतं. जीव धोक्यात घालणारी रूढी अडवायची आणि मनाला धीर देणारी सांभाळायची, हा विवेक वॉर्डातच शिकावा लागतो.

शेवटच्या घटकेला हा विवेक सर्वांत नाजूक होतो. मुलगा गंगाजल घेऊन येतो. पेशंटला गिळता येत नाही, तोंडात ओतलं तर ठसका लागून पाणी फुप्फुसात जाईल. जाणती परिचारिका कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून मुलाच्या हातात देते आणि ओठ ओले करायला सांगते. कुराणपठण करणाऱ्या मुलीसाठी पडदा ओढून घेते, मृत्यूनंतर घरच्यांनी सांगितलं तर देह किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवायला मदत करते. डोळे मिटवणं, हातपाय सरळ करणं, हनुवटी बांधणं, अंग पुसून स्वच्छ करणं हे मृताचं शेवटचं काम घरच्यांच्या आधी बहुधा तिचेच हात करतात.

मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी देशातलं हे पहिलं हॉस्पिस मानतात. त्याआधी १९६७ मध्ये लंडनला सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारलं होतं. साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेत शरीराबरोबर मन, नाती आणि श्रद्धा यांचीही वेदना मिसळलेली असते, ही त्यांची मांडणी जगभर स्वीकारली गेली. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असं रात्री दोन वाजता विचारणाऱ्या पेशंटला मॉर्फिन लागतं आणि शेजारी बसणारं माणूसही लागतं.

जिथे थांबायचं

त्या प्रश्नाला परिचारिकेनं आपल्या श्रद्धेतून उत्तर द्यावं का? माझ्या मते नाही. ‘मागच्या जन्मीचे भोग’ किंवा ‘देव परीक्षा पाहतोय’ ही वाक्यं स्वतःच्या दुःखाला लावली तर आधार देतात. दुसऱ्याच्या खाटेपाशी उच्चारली तर ती निवाडा होतात. एचआयव्हीबाधित तरुण, लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, विष घेऊन वाचलेली सून यांना कर्माचा सिद्धान्त ऐकवणं क्रौर्य आहे. गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीला १९७१ च्या गर्भपात कायद्यानं दिलेला हक्क आहे. सिस्टरला मनातून गर्भपात पाप वाटत असेल, तर तिनं वेगळ्या वॉर्डात बदली मागावी. टोमणे मारून त्या बाईची वेदना वाढवू नये.

ब्रिटनमध्ये या सीमारेषेवर जाहीर वाद झाले आहेत. २००८ च्या अखेरीस तिथल्या एका परिचारिकेनं घरी जाऊन मलमपट्टी करताना वृद्ध रुग्णाला तुमच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारलं. तिला निलंबित केलं, पुढे कामावर परत घेतलं. २०१६ मध्ये दुसरीला कामावरून काढलं, कारण ऑपरेशनआधी ती रुग्णांना बायबलबद्दल सांगत होती आणि तक्रारी आल्या होत्या. अपील न्यायालयानंही २०१९ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला नाही. तिसरीचा प्रश्न गळ्यातल्या क्रॉसचा होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं, की वॉर्डातली सुरक्षितता आधी. आपल्याकडच्या काचेच्या बांगड्या, मनगटावरचे गंडेदोरे आणि लोंबती मंगळसूत्रं यांनाही तोच न्याय लावावा लागतो, कारण मनगटावर काही असलं की हात नीट धुतला जात नाही.

मला यातून एक साधा नियम दिसतो. पेशंटनं हात पुढे केला तर त्याच्या प्रार्थनेत जरूर सामील व्हावं. आपण होऊन आपली प्रार्थना त्याच्यावर लादू नये. ऑपरेशनला निघालेला, घाबरलेला, परावलंबी माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही. सलाईन लावणाऱ्या हाताला नकार देण्याची हिंमत कुणाला असते?

सेवेच्या नावाखाली

श्रद्धेचा एक गैरवापर परिचारिका करत नाहीत, त्यांच्या बाबतीत तो इतर लोक करतात. ‘तुमचं काम म्हणजे पुण्य’ असं म्हणत त्यांना कमी पगार, कंत्राटी नेमणूक आणि जादा पाळ्या देतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात दर तीन पेशंटमागे एक परिचारिका हवी. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांचे वॉर्ड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे प्रमाण आणि वास्तव यांतलं अंतर सांगायला नको. खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या टाकलेल्या आणि रात्रपाळीला एक-दोन सिस्टर. अशा वॉर्डात दर दोन तासांनी कूस बदलणं केवळ श्रद्धेनं जमत नाही.

केईएमच्या परिचारिकांना हे नीट उमगलं होतं. १९७३ मध्ये अरुणावर हल्ला झाल्यावर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणासाठी नीट व्यवस्था आणि स्वतःसाठी सुरक्षित काम, या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र केल्या. १९८० च्या दशकात महापालिकेनं खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हाही त्यांनी आंदोलन केलं आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. ज्या हातांनी तिची कूस बदलली, त्याच हातांनी तिच्यासाठी मूठ वळली. सेवा आणि संघर्ष यांत त्यांना भेद वाटला नाही. रुग्णावरचं प्रेम खरं असेल तर त्याला लागणारी माणसं, औषधं आणि वेळ मागणं हा त्या प्रेमाचाच भाग ठरतो.

म्हणून परिचारिका दिनाला गुलाबाची फुलं देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला काही गोष्टी मागाव्याशा वाटतात. पेशंट दाखल होताना जसं ॲलर्जी विचारून लिहून घेता, तसं त्याचा उपास, त्याची प्रार्थनेची वेळ आणि शेवटच्या घटकेबद्दलची त्याची इच्छा विचारून लिहून घ्या, आणि ती नोंद पाळी बदलताना पुढच्या सिस्टरकडे जाऊ द्या. नर्सिंगच्या अभ्यासात वेगवेगळ्या धर्मांच्या मृत्युविधींची ओळख प्रत्यक्ष वॉर्डात करून द्या. मृत्यू पाहून आलेल्या परिचारिकेला लगेच पुढच्या खाटेकडे न पाठवता दहा मिनिटं बसू द्या, मग ती त्या वेळात जपमाळ ओढो, नमाज पढो किंवा नुसता चहा पिवो. आणि सर्वांत आधी, मंजूर पदं भरा. परिचारिकेची श्रद्धा तिची तिनं आणलेली असते, ती मागून मिळत नाही आणि आदेशानं वाढत नाही. ती श्रद्धा पेशंटपर्यंत पोचायला लागणारा वेळ मात्र व्यवस्थेनंच द्यायचा असतो. तो न देता तिच्या सेवाभावाचे गोडवे गाणं हा तिच्या श्रद्धेचाही अपमान आहे आणि खाटेवरच्या माणसाचाही.